डाव्या मागच्या दाराचं बटण

“दार खराब आहे की ड्रायव्हर खराब आहे, एवढंच सांग. बाकीचं मी पाहून घेतो.”

भाऊसाहेबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या मोटारीच्या डाव्या मागच्या दारापाशी उकिडवा बसलो होतो. नांदुऱ्यात त्यांची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळी तोंडावर आलेली, आवारात कापसाच्या गाड्या लागलेल्या. गाडीवाले बैल सोडून आमच्याकडेच बघत उभे होते. ड्रायव्हर हमीदखान निंबाखाली होता. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त वाळून काळं पडलं होतं. ते त्याचं नव्हतं.

सकाळी भाऊसाहेबांची सून, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, दिवाळीसाठी माहेरी, मोताळ्याला निघाली होती. सोबत घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई. मोताळ्याच्या रस्त्याला एका नाल्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं, डाव्या बाजूचं मागचं दार उघडलं आणि वहिनी चालत्या गाडीतून मुरमावर फेकल्या गेल्या. आत्याबाई तेव्हा डुलकी घेत होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. हमीदखाननं वहिनींना उचलून गाडीत घातलं, गाडी वळवली आणि नांदुऱ्यात भाऊसाहेबांना आणि त्यांच्या मुलाला घेऊन खामगावच्या दवाखान्यात नेली. डोक्याला मार होता, हात मोडला होता. दुपारपर्यंत त्या शुद्धीवर आल्या नव्हत्या. मुलगा तिथेच थांबला होता. भाऊसाहेब गाडी घेऊन परत आले आणि त्यांनी आमच्या ग्यारेजला माणूस पाठवला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नांदुऱ्यात मोटारी फार नव्हत्या आणि त्या दुरुस्त करणारं ग्यारेज आमचंच. बाबूराव उस्ताद मालक, मी त्यांच्या हाताखालचा मिस्त्री. ही गाडी आमच्याच हातातली. दसऱ्याच्या सुमारास तिचं सगळं काम आम्ही करून दिलं होतं. म्हणजे दार खराब निघालं तर बोट आमच्याकडे वळणार होतं. दार चांगलं निघालं तर हमीदखानकडे. भाऊसाहेबांनी ठाण्यात जायचं बोलूनही दाखवलं होतं. नोकरी तर जाणारच, लायसनही जाणार. वहिनींचं काही बरंवाईट झालं तर तुरुंग.

उस्ताद माझ्या कानाशी वाकले. “वामन, जे असेल ते सांग. पण पाहून सांग. घाई करू नको.”

त्यांनी खोटं बोल असं सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण उस्ताद आता नाहीत.

ज्यांनी मोटारीचं दार कधी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्या काळच्या गाडीत किल्ली फक्त पुढच्या दाराला असे. मागच्या दारांना बाहेरून किल्ली नव्हती. बाहेर एक चकचकीत हँडल असायचं, जागचं न हलणारं, आणि त्याच्या एका टोकाला अंगठ्यानं दाबायचं गोल बटण. बटणाच्या मागे दाराच्या पोटात एक स्क्रू असतो. बटण दाबलं की स्क्रू आत सरकतो, लॅचची जीभ उचलतो आणि दार सुटतं. लॅच म्हणजे दाराच्या कडेला बसवलेला पोलादी पंजा. समोरच्या खांबावर एक दात असतो, त्याला हा पंजा धरतो. दार लावताना तो दोनदा धरतो. पहिल्यांदा अर्धा, दुसऱ्यांदा पूर्ण. म्हणून चांगल्या दाराचे दोन आवाज येतात. खट, खट. कान तयार असला की न बघता कळतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बटण मोकळं असताना स्क्रू आणि जीभ यांच्यात नखाच्या जाडीइतकी फट लागते. ती फट नसेल तर जीभ कायम थोडी उचललेली राहते. तसं दार लागतं, लागलेलं दिसतं, पण काठावर धरलेलं असतं. धक्का बसला की सुटतं.

मी तेच पाहायला बसलो होतो. आधी दार लावलं. दोन आवाज आले. ओढलं, सुटलं नाही. खांबावरचा दात पाहिला, झिजलेला नव्हता. त्याचे स्क्रू पक्के होते. आतलं पॅनल उतरवलं आणि दाराच्या पोटात आरसा धरून पाहिलं. फट होती, जितकी हवी तितकी. बटण दाबलं, सोडलं, ते झटक्यात परत आलं. पंजाची स्प्रिंग दमदार होती.

मग मी हमीदखानकडे गेलो. तो रोहिणखेडचा. भाऊसाहेबांकडे गाडी नव्हती, टांगा होता, तेव्हापासूनचा माणूस. माझ्याहून वयानं मोठा.

“हमीदभाई, निघताना काय झालं ते सांगा.”

“काय सांगू वामनभाऊ. गाडी धुतली, पुसली, दाराशी लावली. वहिनीसाहेब बसल्या. आत्याबाई बसल्या. दोनी आवाज ऐकले अन् गेर टाकला.”

“दार ओढून पाह्यलं होतं का?”

“तुमाले या घरची रीत माईत नाई का? बाईमानूस बसलं ते दार मी हातानं ओढू? पडदा असते आतून. मी आरशात पन पाहत नाई. दार त्या लावून घेतात, मी आवाज ऐकतो. आजवर असंच चाललं.”

“आवाज नक्की दोन होते?”

“दोन होते.” मग थोड्या वेळानं तो म्हणाला, “माह्या मतानं दोन होते.”

ते ‘माह्या मतानं’ त्यानं मागाहून जोडलं. सकाळी त्याची खात्री होती. दुपारपर्यंत सगळ्यांच्या नजरा झेलून ती हलली होती. माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण मी दाराच्या विचारात होतो.

शेवटची परीक्षा चालत्या गाडीतली. उस्ताद चालवायला बसले, मी मागे डाव्या बाजूला, जिथे वहिनी बसल्या होत्या तिथे. मोताळ्याच्या रस्त्यानं त्याच नाल्यापर्यंत गेलो. उतारावर उस्तादांनी मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं. मी खांद्यानं दाराला रेटा दिला. मागे फिरून पुन्हा तोच खड्डा. या वेळी मी पाठ टेकून दोन्ही पायांनी दार लोटलं. दार जागचं हललं नाही. मुरमावर बांगड्यांच्या काचा पडलेल्या होत्या. उस्ताद खाली न बघता म्हणाले, “चल.”

परत आलो तेव्हा भाऊसाहेब तिथेच उभे होते.

“बोल.”

“दार ठीक आहे.”

माझा आवाज काही मोठा नव्हता, पण आवारात सगळ्यांना ऐकू गेला. हमीदखान निंबाखालून आला, खिशातून त्याच्याजवळची दुसरी किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. म्हणाला, “बरं.” भाऊसाहेबांना नाही, मला म्हणाला. मग चालत फाटकाबाहेर गेला.

“ठाण्यात उद्या जातो,” भाऊसाहेब उस्तादांना म्हणाले. “आधी पोरगी डोळे उघडते का पाहू दे. सकाळी खामगावला जायचं आहे. हा तर गेला. तुमचा मिस्त्री पाठवा गाडी चालवायला.”

मला रात्री झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली. मी पाहिलं होतं आणि जे पाहिलं ते सांगितलं होतं.

सकाळी आवारात पोचलो तेव्हा जिनिंगचा चौकीदार गाडी धूत होता. आदल्या दिवशीची माती आणि सीटवरचे डाग तसेच होते, म्हणून त्यानं विहिरीच्या पाण्याच्या बादल्या आतबाहेर सगळीकडे ओतल्या होत्या. मी फडकं घेऊन काच पुसली. डावं मागचं दार सीट वाळावी म्हणून उघडं ठेवलं होतं. भाऊसाहेब डबा घेऊन निघतच होते. मी दार लावलं.

खट. आणि त्यामागून एक दबका आवाज, दुसरा म्हणता येईल असा. लक्ष नसतं तर मीही दोन मोजले असते.

मी हँडलला हात घातला आणि बटणाला न लावता दार ओढलं. ते माझ्या हातात आलं.

पुन्हा लावलं. पुन्हा ओढलं. पुन्हा आलं. काल दोन्ही पायांनी न हललेलं दार आज एका हाताच्या हिसक्यानं उघडत होतं. कालच्या आणि आजच्या दारात फरक काय, तर आज ते ओलं होतं.

मी वाकून बटण पाहिलं. ते वर आलेलं नव्हतं. हँडलच्या टोकात अर्धं बुडालेलं होतं. त्याच्यावरून अंबाडीचा एक दोरा गेला होता, मळून हँडलच्या रंगाचा झालेला, आणि पाण्यानं काळपट. नखानं उचलायला गेलो तर तारेसारखा ताठ.

आपल्याकडे हे कोणाला समजवायला नको. पावसाळ्यात अंबाडीनं विणलेली बाज ताठ होते आणि उन्हाळ्यात तिला झोळ पडतो. बैलाच्या दाव्याची ओली गाठ दातानंही सुटत नाही. ओल लागली की धागा फुगतो आणि दोरा लांबीनं आखडतो. या दोऱ्याचंही तेच होत होतं. सकाळी गाडी धुतली की तो आखडायचा आणि बटण थोडं दाबून धरायचा. आतली नखाएवढी फट संपायची, जीभ उचलायची आणि पंजा काठावर यायचा. ऊन चढलं की दोरा सैल, बटण वर, दार ठीक. रोज गाडी धुतल्यावर बऱ्याच वेळानं जिनिंगवर निघायची आणि त्या दारानं कोणी बसत नसे. त्या दिवशी मोताळ्याला वेळेत पोचायचं म्हणून धुतल्या धुतल्या निघाली. मी दार पाहिलं ते दुपारी, कडक उन्हात.

दोरा काल माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्याला पाहिलं नाही. त्याचं कारण आता लिहितो, कारण हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

दसऱ्याला गाडी आमच्या ग्यारेजमध्ये होती. आम्ही पान्यांची पूजा केली, उस्तादांनी बॉनेटवर नारळ फोडला आणि मी चारी दारांना झेंडूचे हार बांधले. हँडल गुळगुळीत, हार घसरायचा. म्हणून मी दोऱ्याचा एक फेरा बटणावरून घेतला आणि खाली गाठ मारली. मिस्त्रीची गाठ, सुटू नये अशी. दुसऱ्या दिवशी हमीदखान गाडी न्यायला आला. निघण्याआधी सगळी गाडी हातानं चाचपून पाहायची त्याची सवय. मागच्या दाराशी येऊन तो थांबला.

“वामनभाऊ, हा दोरा बटनावरून गेला. काढून टाकू का?”

“फुलं वाळली की काढा. दोरा तोडू नका. पूजेचा आहे, आपोआप गळू द्यायचा असतो.”

“बरं. तुमची जशी रीत असन तशी.”

त्यानं फुलं काढली आणि दोरा ठेवला. बाकीच्या तीन दारांचे दोरे रोजच्या हातांनी झिजून गळाले. हे दार फक्त घरातल्या बायका बसल्या तरच उघडायचं, म्हणून तिथला राहिला. हमीदखान रोज हँडल पुसायचा आणि दोऱ्याच्या कडेकडेनं फडकं फिरवायचा. दुसऱ्याच्या पूजेची वस्तू म्हणून त्यानं तो आमच्यापेक्षा जास्त जपला.

तर त्या सकाळी मी गाडीशी वाकलेलो, हात ओले, आणि सगळं एका क्षणात समजलेलं. मी खिशातून पातं काढलं आणि दोरा कापला. बटण टप्पकन वर आलं. दार लावलं, खणखणीत दोन आवाज. ओढलं, घट्ट. दोऱ्याचे तुकडे मी मुठीत गोळा केले आणि गाडी धुतलेलं पाणी ज्या नालीत वाहत होतं तिच्यात टाकले. मग हात फडक्याला पुसले. मला बरं वाटलं. बिघाड सापडून दूर झाला की मिस्त्रीला वाटतं तसं.

भाऊसाहेब पुढे माझ्याशेजारी बसले. डबा मांडीवर. नांदुरा मागे पडल्यावर मी बोललो.

“भाऊसाहेब, दार खराब होतं.”

“काल तर ठीक म्हणत होता.”

“काल ते कोरडं होतं.” मी सगळं सांगितलं. ओल, दोरा, बटण, फट. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. माणूस यंत्रांतला होता, त्यांना समजत होतं.

“दोरा कुठं आहे?”

“कापला.”

“कापला म्हणजे? दाखव ना मले.”

“नालीत टाकला.”

ते माझ्याकडे वळले. “म्हणजे मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा. कोणत्या शब्दावर? कालच्या का आजच्या?”

मी गेर बदलला.

“दोरा बांधला कोनं?”

“दसऱ्याचा होता.”

“कधीचा ते नाही विचारलं. कोनं?”

समोरून गवताची गाडी येत होती. मी तिला जागा द्यायला गाडी कडेला घेतली. जरुरीपेक्षा जास्त कडेला घेतली. बैलगाडी निघून गेली तरी भाऊसाहेब वाट पाहत होते.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मांडीवरचा डबा सारखा केला. मग शांतपणे म्हणाले, “पूजेच्या दोऱ्यानं सून पडली असं मी ऐन दिवाळीत सोयऱ्यांना सांगू? अन् समज, तसंच असेल. गाडीच्या दाराले कोन काय बांधते हे पाहनं कोनाचं काम आहे? माझं? तुझं? ड्रायव्हरचं. त्याले दिसला नाही का दोरा? रोज गाडी पुसते ना तो?”

याला एक उत्तर होतं. त्याला दिसला होता, त्यानं विचारलंही होतं आणि मी नको म्हणालो होतो. एका वाक्याचं काम होतं. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही तिथे उभे राहिलो, मालगाडी डबा डबा करत गेली. तेवढा वेळ मला मिळाला होता. मी स्टेअरिंगवरचा मळ नखानं खरवडत बसलो.

दवाखान्यात वहिनींनी पहाटे डोळे उघडले होते. मी डबा घेऊन दाराशी उभा होतो. सासऱ्यांना पाहून त्यांनी पदर सारखा करायचा प्रयत्न केला, पण हात उचलेना.

“मामंजी, मी दार ओढून लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “हमीदभाईची चूक नाही त्याच्यात.”

“तू पडून राहा,” भाऊसाहेब म्हणाले. “त्या गोष्टी आम्ही पाहतो.”

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “ठाण्यात जात नाही मी. पोरगी वाचली, बस झालं. पण तो माणूस माझ्या गाडीवर पुन्हा नको.”

संध्याकाळी उस्तादांना सगळं सांगितलं. ते कानस घेऊन एक ब्रॅकेट घासत होते.

“भाऊसाहेबांना सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“कोणी बांधला हे विचारलं?”

“विचारलं.”

“मग?”

“माहीत नाही म्हणालो.”

कानस थांबली नाही. “झालं तर मग,” उस्ताद म्हणाले. पुढच्या दसऱ्याला त्यांनी फतवा काढला, हार फक्त बॉनेटवर आणि स्टेअरिंगला. दारांना नाही. का, ते सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

गावात गोष्ट तयार झाली ती अशी की हमीदखान दार न पाहता गाडी हाकायचा, त्याच्यामुळे एक सून मरता मरता वाचली. पुढे पुढे तिला शेपटं फुटली. कोणी म्हणे त्याला रातांधळं होतं. अपघात तर सकाळचा. कोणी म्हणे तो नशेत होता. त्यानं आयुष्यात बिडीसुद्धा ओढली नाही. माझ्यासमोर लोक हे बोलायचे, कारण दार तपासणारा मीच होतो. “तुम्हीच तर पाह्यलं होतं ना वामनराव, दार ठीक होतं?” मी म्हणायचो, “हो, मी पाहिलं तेव्हा ठीक होतं.” हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की मला ते खरं वाटायला लागलं. खरं होतंच. त्याच्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

हमीदखान रोहिणखेडला परत गेला. तिथे त्यानं पिठाची चक्की टाकली.

काही वर्षांनी त्या चक्कीचं डिझेल इंजिन बंद पडलं. मोताळ्याचा मिस्त्री हात टेकून गेला, म्हणून निरोप आमच्याकडे आला. कोणाची चक्की हे मला माहीत होतं. उस्ताद म्हणाले दुसऱ्याला पाठवू का. मी म्हणालो, जातो.

तो पांढरा झाला होता. थोडं पीठ, थोडे केस. “या वामनभाऊ,” म्हणाला, जसं काही आठवड्यापूर्वीच भेटलो होतो. इंजिनात हवा धरली होती, डिझेल पुढे जात नव्हतं. हवा काढली, इंजिन चालू झालं. मी ते मुद्दाम बंद केलं. आवाजात बोलता आलं नसतं.

चक्कीच्या ओट्यावर बसून मी त्याला दोऱ्याचं सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. कोणी बांधला हेही. त्याला ते माहीतच होतं, पण दोऱ्याचा आणि दाराचा संबंध त्याला कोणी सांगितलेला नव्हता.

तो हातातलं पीठ चोळत बसला.

“म्हनजे आवाज दोनच होते.”

“दुसरा दबका होता. पण होता. मी असतो तर मीही गाडी काढली असती.”

“मले वाटे माहे कान गेले,” तो म्हणाला. “मोताळ्याच्या एका व्यापाऱ्यानं ट्रक चालवाले बलावलं होतं. दोनदा मानूस धाडला. मी गेलो नाई. म्हनलं, आपल्याले दाराचा आवाज समजत नाई, उद्या आनखी कोनाची पोरगी पाडू का? बायको म्हने जा. मी नाई गेलो.”

माझी तोवर समजूत होती की गावानं त्याच्या हातातलं चाक काढून घेतलं. गावानं नाही. त्यानं स्वतःच सोडलं होतं. माझ्या ‘दार ठीक आहे’वर त्याचा माझ्याइतकाच विश्वास बसला होता.

“अन् तो दोरा कुठं हाये?”

“कापला मी. त्याच सकाळी.”

“काऊन?”

मी पान्याला लागलेलं डिझेल पुसायला घेतलं.

“मले तर म्हनलं होतं तोडू नोको,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजत नव्हतं म्हणून विचारत होता. “पूजेचा हाये म्हनलं होतं. मंग तुमी काऊन तोडला?”

“सवय,” मी म्हणालो. “बिघाड दिसला की हात जातो.”

त्यानं मान हलवली. उठला, इंजिनला हँडल मारलं आणि पट्टा चढवला. दळण घेऊन आलेल्या बाया ओट्याखाली ताटकळल्या होत्या. मी माझी अवजारं गोळा केली. त्यानं मजुरी पुढे केली, मी नको म्हणालो, त्यानं ती माझ्या पिशवीत टाकली आणि पुन्हा चक्कीच्या तोंडाशी जाऊन बसला.

सवय हे उत्तर खरं आहे. माझा हात तसा जातोच, अजूनही जातो. पण त्या सकाळी पातं काढताना माझी गाठ मला ओळखू आली होती. गाठ आधी ओळखली, पातं नंतर काढलं. दोघांत किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. हमीदखाननं विचारलं तेव्हा हे सांगता आलं असतं. तेही राहिलं.

तो जाऊन आता पुष्कळ काळ लोटला. भाऊसाहेब नाहीत, उस्ताद नाहीत. जिनिंगच्या आवारात दुसरंच काही उभं आहे. नांदुऱ्यातल्या जुन्या माणसांत ती गोष्ट मात्र अजून सांगतात आणि तिच्यात हमीदखान अजून नशेत असतो. म्हणून तपासणी पुन्हा लिहून ठेवतो. दार सकाळी खराब होतं, दुपारी ठीक होतं. दोष दोऱ्याचा. दोरा मी बांधला. ड्रायव्हरनं काढू का असं विचारलं, मी नको म्हणालो. ड्रायव्हरनं दाराचा आवाज बरोबर ऐकला होता.

पुढे माझं स्वतःचं ग्यारेज झालं, तिथे शिकायला आलेल्यांना मी एक नियम घालून दिला. बिघाड सापडला तर लगेच हात घालायचा नाही. ज्याच्यावर आळ आला आहे त्याला आधी बोलवायचं, त्याला दाखवायचं, मग काढायचा. तो लांब राहत असेल तर वाट पाहायची. काहीजण कुरकुरायचे, म्हणायचे गिऱ्हाईक खोळंबतं. मी म्हणायचो, खोळंबू दे.